उंट गेला, राजा उघडा!

कॅसलिंग केलं की राजा सेफ, असं बुद्धिबळ शिकताना पहिल्याच आठवड्यात सांगतात. राजा दोन घरं सरकतो, हत्ती त्याच्या पलीकडे येतो, पुढे तीन प्यादी. झाला किल्ला! पण आम्हा वसईकरांना किल्ल्याचं काय कौतुक? १७३९ साली चिमाजी आप्पांच्या सैन्याने सुरुंग लावून वसईच्या तटाला खिंडार पाडलंच की.

पटावरच्या किल्ल्यातली कच्ची वीट म्हणजे काळ्याचं एच-७ वरचं प्यादं. एफ-६ वर घोडा आहे तोवर ठीक. पांढऱ्याने ई-५ ला प्यादं सारून त्याला हाकललं, की त्या प्याद्याला एकट्या राजाचा आधार. मग तिथे सरळ उंट फेकायचा. राजाने मारला की घोडा जी-५ वर शह देतो आणि मागोमाग वजीर एच-५ ला येतो. याला म्हणतात ‘ग्रीक गिफ्ट’. सतराव्या शतकातल्या ग्रेको या इटालियन खेळाडूच्या हस्तलिखितांत ही आयडिया आहे. (शाळेत आम्ही उंटाला बिशप म्हणायचो. ‘आज बिशपचा बळी दिला’ असं घरी सांगितलं असतं, तर आईने जेवायला वाढलं नसतं!)

गिरीजमधल्या आमच्या छोट्याशा टूर्नामेंटच्या शेवटच्या राउंडला नेमकी हीच पोझिशन पटावर आली. समोर कोण? ज्यांनी मला घोड्याची अडीच घरं शिकवली, ते शेजारचे अंकल! दहा वर्षांत त्यांना एकदाही हरवलेलं नाही. पुस्तकात हे सोपं असतं हो. इथे उंट गेला आणि मात झाली नाही, तर खेळ संपला. राजा जी-८ ला परतला तर पुढचं मला पाठ होतं. पण तो जी-६ ला बाहेर पडला तर? बारा मिनिटं मी तेवढंच बघत होतो. हात गार पडले होते.

टाकला उंट.

अंकलनी चष्मा पुसला, उंट मारला, घोड्याचा शह आल्यावर राजा घेऊन जी-६ लाच आले. घाबरून घरात बसणारा माणूसच नाही तो! मी काठाचं प्यादं दोन घरं पुढे सारलं. १९१२ साली लंडनमध्ये एडवर्ड लास्करने वजीर देऊन थॉमसचा राजा पार जी-१ पर्यंत ओढत नेला होता. आमचा राजा तेवढा फिरला नाही. सातव्या खेळीला पटाच्या मध्यावरच मात झाली.

अंकल हसले नाहीत, चिडलेही नाहीत. हात मिळवला आणि सगळी मोहरी परत जी-६ च्या जागेवर मांडली. “आता इथून तू काळा,” म्हणाले, “वाचवून दाखव.”

हॉलवाल्याने लाइट बंद करेपर्यंत आम्ही तिथेच होतो.