मेरी वॉरनचं काम कोण करणार?

दिवाळी झाली की पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत, वडशाला, नाटक कंपन्यांच्या कार्यालयांपुढे गावोगावची मंडळं दिसू लागतात. मंडई कधी, शंकरपट कधी, नाटक कोणतं, हिरॉईन कोण, लावणी किती, सगळ्याचा सौदा होतो आणि धान निघालेल्या बांध्यांत होळीपर्यंत नाटकं रंगतात. अशा गावात वाढलेला मुलगा नागपुरात एम. ए.ला जातो आणि त्याच्या हाती आर्थर मिलरचं ‘द क्रुसिबल’ पडतं, तेव्हा तो ते ऑर्गनच्या साथीनंच वाचणार. मी तसंच वाचलं.

१६९२ सालचं सालेम. रात्री रानात नाचताना पाद्र्याच्या घरच्या पोरी सापडतात. शिक्षा चुकवायला त्या किंचाळतात, अंगात आल्यासारखं करतात आणि चेटूक करणारे म्हणून एकेक नाव घेत सुटतात. प्रत्यक्षात त्या साली १९ जण फासावर गेले, आणि आरोपाला उत्तरच द्यायला तयार नसलेल्या जाइल्स कोरीला छातीवर दगड रचून मारलं. कबूल करणारे वाचले, नाकारणारे लटकले. अमेरिकेत कम्युनिस्टांची शोधाशोध चालू असताना, १९५३ साली, हे नाटक रंगभूमीवर आलं. पुढे १९५६ मध्ये संसदेच्या समितीनं मिलरलाच इतरांची नावं विचारली. त्यानं ती सांगितली नाहीत. त्याला दोषी ठरवलं गेलं, १९५८ मध्ये तो निकाल फिरला.

विशीत मला फक्त जॉन प्रॉक्टर दिसला. खोट्या कबुलीवर सही करून जीव वाचत असताना तो कागद फाडणारा. हे काम आपल्या स्टेजवर कोण गाजवील, तेही मी ठरवून टाकलं होतं. सुट्टीत एका कंपनीच्या मालकाला सगळी गोष्ट ऐकवली. त्यांनी पान लावता लावता विचारलं, “हिरो शेवटी मरते, ठीक हाये. पन गाने कोटी हायेत? अन् कॉमेडी कोन करते?” तेव्हा राग आला होता. आता वाटतं, रात्रभर थंडीत बसणाऱ्या प्रेक्षकाचा हिशोब त्यांना माझ्यापेक्षा पक्का ठाऊक होता. नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांचं नाव झाडीत घरोघरी पोचलं ते विनोदी भूमिकांमुळेच.

मग शिक्षकाची नोकरी लागली, आत रानात. तिथे नाटकातला पटनम कळला. शेजारी फासावर गेला की त्याची जमीन विकत घ्यायची ऐपत असलेला एकटा पटनम. एखाद्या म्हातारीबद्दल जादूटोण्याची कुजबुज कानावर आली की मी आधी तिचा बांध कोणाच्या बांधाला लागून आहे ते बघू लागलो. अर्थात दर वेळी जमीनच असते असं नाही. पोर तापानं फणफणतं, दवाखाना लांब असतो, पुजारी जवळ. पोर गेलं की दुःखाला कोणाचं तरी नाव लागतं.

२०१३ मध्ये पुण्यात अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि त्यानंतरच जादूटोणाविरोधी कायदा आला. सालेममध्ये कायदाच फाशी देत होता. आपल्याकडे कायदा बाजूनं आहे, तरी ऑगस्ट २०२१ मध्ये जिवती तालुक्यातल्या वणी खुर्दला सात दलितांना भर चौकात खांबांना बांधून मारलं. त्यात बाया होत्या, म्हातारी माणसं होती. अंगात आलेल्या बायकांनी नावं घेतली होती. ती बातमी वाचताना प्रॉक्टर मला पहिल्यांदा परका वाटला. त्याच्यापुढे निदान कागद होता, सही करायची की नाही एवढं तरी त्याच्या हातात होतं. चौकात बांधलेल्या म्हाताऱ्यापुढे कोणी कागद धरत नाही. कबूल केलं तरी मार, नाही केलं तरी मार.

मे २०२४ मध्ये एटापल्ली तालुक्यातल्या बारसेवाड्यात एका बाईला आणि एका माणसाला जादूटोण्याच्या संशयावरून मारून जाळलं. पकडलेल्यांत त्या बाईचा नवरा आणि मुलगा होते. मिलरचा जाइल्स कोरीही बायको लपून पुस्तकं वाचते म्हणून सहज पाद्र्याला विचारून बसतो आणि तिला घालवतो. पण कोरीला पुढे कळतं तरी.

हल्ली मी ते नाटक उघडतो ते मेरी वॉरनसाठी. प्रॉक्टरच्या घरची ही मोलकरीण. पोरी ढोंग करतात हे तिला माहीत आहे, ती कोर्टात येऊन तसं सांगतेही. मग बाकीच्या पोरी तिच्याकडे बघून थरथरू लागतात, वर छताला पक्षी दिसतो म्हणून ओरडतात, तिचंच बोलणं तिच्या तोंडावर फेकतात. ती टिकत नाही. धावत त्यांच्यात जाते आणि मालकाकडेच बोट दाखवते. मिलरनं या नाटकात लिहिलेला सगळ्यात खरा प्रसंग हाच, असं माझं मत. प्रॉक्टर शंभरांत एक निघतो. चौकात गोळा झालेल्या बाकीच्या नव्व्याण्णवांत कितीतरी मेरी वॉरन असतात. त्यांना माहीत असतं, आणि त्या बोट दाखवतात.

त्या मालकांचा मुलगा आता कंपनी बघतो. गेल्या सीझनला त्याला फक्त मेरीची गोष्ट सांगितली. गाव झाडीतलं, मंडईचा दिवस, पोरींच्या जागी अंगात येणाऱ्या बायका. त्यानं मध्ये गाण्याचं विचारलं नाही. “गुरुजी, हा सीन दोनच्या आत घ्या,” म्हणाला, “मंग लोकं पेंगतेत. अन् मेरीसाठी नवी पोरगी नको. जिला पब्लिक चांगली मानते, तीच पायजे.”