बोल्टचा कार्बन

मंडळी, आजचा विषय जरा रुक्ष आहे, पण वाचा. आपल्यातले बरेच जण पुण्या-मुंबईत बसून जर्मन गाडीवाल्यांसाठी कोड लिहितात. म्हणजे विषय आपल्या ताटातलाच आहे.

मी राहतो निर्मळला. तळं, शंकराचार्यांची समाधी, केळीच्या वाड्या, कार्तिकातली जत्रा... बाहेरच्यांना आमची वसई एवढीच माहीत. पण रेल्वेलाइन ओलांडून पूर्वेला गेलात की वालीव, सातिवली, गोखिवरे. तिथला नूरच वेगळा, नुसते गाळेच गाळे. त्यातल्याच एका गाळ्यात माझा मामा बोल्ट बनवतो. माल चाकणला जातो. तिथून तो कुठल्या गाडीत बसून कुठल्या देशात जातो हे मामाला ठाऊक नसतं, आणि आजवर त्याची गरजही नव्हती.

मध्यंतरी गिऱ्हाइकाकडून एक एक्सेल शीट आली. सगळे रकाने इंग्रजीत. एक किलो मालामागे कार्बन किती, ते भरा म्हणे. मामाने पोलादाचं टेस्ट सर्टिफिकेट काढलं, त्यात 'सी'च्या खाली ०.३५ होतं, तेच भरलं आणि मला दाखवलं.

"हे बघ, कार्बन पॉइंट पस्तीस. झालं काम!"

मी म्हटलं, "मामा, हा पोलादातला कार्बन. त्यांना धुराड्यातला पाहिजे."

"मग भट्टीवाल्याला विचारा की. मला कशाला विचारता?"

मामा वैतागून बोलला खरा, पण मला वाटतं अख्ख्या विषयाचं सार त्यात आलं.

हिशोब करून बघू. भारतात एक टन पोलाद करताना सरासरी अडीच टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. आता त्या टनाचे बोल्ट करायला गाळ्यात समजा ५०० युनिट वीज लागली. आपल्या ग्रिडची वीज युनिटमागे साधारण ०.७ किलो धरतात, म्हणजे झाले ३५० किलो. एकूण २८५० पैकी ३५०, जेमतेम आठवा हिस्सा. मामाने कर्ज काढून छपरावर सोलर बसवलं तरी कमी होणार तो या आठव्या हिश्शातूनच. उरलेले सात हिस्से वायर रॉडबरोबर आधीच गाळ्यात आलेले असतात!

बरं, विचारणारेही उगाच विचारत नाहीत. युरोपने आयात मालावर कार्बनचा आकार लावलाय, त्याला सीबॅम म्हणतात. १ ऑक्टोबर २०२३ पासून नुसती आकडेवारी मागत होते, २०२६ च्या मालापासून पैशाचा हिशोब सुरू झाला. त्या यादीत सुटे नट-बोल्टसुद्धा आहेत. (वर्षाला ५० टनांपर्यंत माल आणणाऱ्या आयातदाराला सूट आहे.) खरा आकडा दिला नाही तर ठोकळ आकडा वर थोडी भर घालून धरतात. गाडीत बसून गेलेल्या बोल्टला हे लागू नाही, पण गाडी कंपन्यांनीही आपापल्या पुरवठासाखळीतला कार्बन कमी करायचं जाहीर केलंय. म्हणून ही शीट.

सहकार्य नाही असं नाही. २०२१ मध्ये जर्मनीत बीएमडब्ल्यू, मर्सिडीज, बॉश, सॅप वगैरेंनी मिळून 'कॅटेना-एक्स' उभं केलं. डेटा ज्याचा त्याच्याकडेच राहतो, फक्त देवाणघेवाणीचा साचा आणि मोजायचे नियम सगळ्यांचे एक. आपल्याकडे पुण्याच्या कल्याणी ग्रुपने डिसेंबर २०२२ मध्ये 'फेरेस्टा' नावाचं ग्रीन स्टील आणलं. याच ग्रुपच्या भारत फोर्जने २००४ मध्ये जर्मनीतला फोर्जिंगचा कारखाना विकत घेतला होता, म्हणजे दोन्ही देश एकाच घरात. आणि डिसेंबर २०२४ मध्ये आपल्या पोलाद मंत्रालयाने ग्रीन स्टीलची व्याख्याच ठरवली: टनामागे २.२ टनांच्या आत असेल तर हिरवं, १.६ च्या आत असेल तर पाच स्टार.

म्हणजे वर मोठ्यांचं जमलंय, खाली गाळ्यांचंही जमेल. अडतंय ते मध्ये. सात हिश्शांचा आकडा पोलाद कारखान्याकडे आहे आणि प्रश्न मात्र वालीवच्या गाळ्याला.

गंमत अशी की रस्ता तयारच आहे. पोलादाच्या प्रत्येक घाण्याला एक हीट नंबर असतो. तो टेस्ट सर्टिफिकेटवर छापून कारखान्यातून डीलरकडे आणि डीलरकडून गाळ्यात येतो. त्याच कागदावर टनामागचा धूर छापला तर मामाला फक्त वीजबिल आणि मालाचं वजन भरायचं राहील. तेवढं तो डोळे मिटून करेल.

एवढ्यानं हवा स्वच्छ होणार नाही, कबूल. पण आकडा जिथला तिथे दिसला तर स्वच्छ पोलादाला चार पैसे जास्त का द्यायचे हे तरी गिऱ्हाइकाला कळेल. आज ते चार पैसे कोणी देत नाही आणि रकाने मात्र वाढतायत.

तेव्हा सप्लायर पोर्टलवर काम करणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, पुढच्या स्प्रिंटमध्ये एवढं एक करा: हीट नंबरचा रकाना ठेवा, आणि तो भरला की पोलादाचा आकडा कारखान्याकडून आपोआप येऊ दे. जमलं तर फॉर्म मराठीतही असू द्या. टेस्टिंगला मामा तयार आहे, चहा त्याच्याकडून!