मालेगावला या, पण पूल ओलांडा!



सुट्टी लागली की तुम्ही कुठं कुठं जाता? मामाच्या गावाला, कोकणात, नाही तर महाबळेश्वरला. पण समजा, एखाद्यानं वर्गात सांगितलं, "आम्ही मालेगाव बघायला चाललो," तर? ऐकणारा आधी दचकेल. मग म्हणेल, "मालेगाव? तिथं काय बघायचं?" आणि लगेच पुढे, "जपून हं!"

मी नाशिक जिल्ह्यातल्या याच मालेगावात लहान मुलांना शिकवते. पंधराएक वर्षं झाली. दर सुट्टीत कुणी ना कुणी पाहुणे येतात आणि तेच ते प्रश्न विचारतात. कुठं उतरायचं? काय बघायचं? कुणाशी कसं बोलायचं? म्हटलं, एकदा लिहूनच काढू या. आईबाबांनाही वाचायला द्या बरं का, कारण खरी काळजी त्यांनाच असते!

आधी उतरायचं कुठं?

पहिली सूचना ऐकून हसू नका. तिकीट काढताना "नाशिक जिल्ह्यातलं मालेगाव" असं सांगा. महाराष्ट्रात मालेगाव नावाची गावं बरीच आहेत. वाशीम जिल्ह्यात एक तालुक्याचं मालेगाव आहे आणि बारामतीजवळही एक आहे. आमचं मालेगाव मुंबई–आग्रा महामार्गावर येतं. नाशिकहून साधारण शंभर किलोमीटर आणि धुळ्याहून पन्नासेक.

इथं अजून रेल्वे नाही. जवळचं स्टेशन मनमाड, तिथून पुढे तासाभराचा एसटीचा प्रवास. २०२४ साली केंद्र सरकारनं मनमाड–इंदूर रेल्वेमार्गाला मंजुरी दिली आणि तो मालेगावातून जाणार आहे. तेव्हा आमच्या वर्गातली मुलं मोठी होतील, तोवर "मालेगाव स्टेशन" अशी पाटी दिसेलही!

एसटीनं आलात तर कंडक्टरला आधीच विचारून ठेवा. गावात जुनं बसस्थानक आहे आणि नवीन बसस्थानकही आहे. मी पहिल्यांदा आले तेव्हा भलत्याच ठिकाणी उतरले आणि भर उन्हात हातात ट्रंक घेऊन गरागरा फिरले. शेवटी एका पानवाल्या चाचांनी विचारलं, "बेटी, कहाँ जाना है?" मी पत्ता सांगितला. ते म्हणाले, "पहले मोसम पूल जाओ, वहाँ से सब सीधा है."

ही झाली दुसरी सूचना. मालेगावात वाट चुकलात तर मोसम पुलाचा रस्ता विचारा. इथला प्रत्येक माणूस पत्ता सांगताना मोसम पुलापासूनच सुरुवात करतो.

दोन काठांचं गाव

मोसम नदी आमच्या गावाच्या मधून वाहते आणि पुढे गिरणेला मिळते. पावसाळा सोडला तर तिच्यात पाणी थोडं आणि कचराच फार. ते आम्हां मालेगावकरांचं पाप आहे, ते लपवणार नाही.

नदीच्या एका अंगाला कॅम्प आणि संगमेश्वर हे भाग आहेत. इंग्रजांच्या लष्कराची छावणी होती, म्हणून नाव पडलं कॅम्प. इथं मराठी आणि अहिराणी कानावर पडते. "कथा जाई ऱ्हायना, भो?" असं कुणी विचारलं तर घाबरू नका. "कुठं चाललास, भाऊ?" एवढाच त्याचा अर्थ! १८६९ साली नाशिक जिल्हा झाला, त्याआधी मालेगाव खानदेशात होतं. म्हणून जिल्हा नाशिकचा असला तरी बोली अजून खानदेशी आहे.

दुसऱ्या अंगाला जुनं गाव. किदवाई रोडचा बाजार, दाट वस्ती, मशिदींचे मिनार, उर्दूतल्या पाट्या. आणि तिथंच तुम्हांला ऐकू येतो मालेगावचा खरा आवाज!

खटक-खटक, खटक-खटक!

हा आवाज यंत्रमागांचा, म्हणजे पॉवरलूमचा. मालेगावात लाखाच्या वर माग आहेत. १८५७ च्या उठावानंतर आणि पुढच्या दुष्काळांत उत्तरेकडचे कितीतरी विणकर पोट भरण्यासाठी दक्षिणेकडे आले. त्यांतले बरेच इथं स्थिरावले. आधी हातमाग होते, विसाव्या शतकात विजेवरचे माग आले.

कारखान्यात डोकावायचं असेल तर आधी मालकांना विचारा. सहसा कुणी नाही म्हणत नाही. मात्र पट्ट्याजवळ जाऊ नका, ओढणी आवरून घ्या आणि हात मागे बांधून उभे राहा. मग बघा गंमत. उभे धागे म्हणजे ताणा आणि आडवा धागा म्हणजे बाणा. धोट्यात कांडी बसवलेली असते. तो धोटा इकडून तिकडे असा सूं सूं पळतो की डोळ्याला दिसत नाही! एक कामगार एका वेळी कितीतरी माग सांभाळतो. कुठला धागा तुटला, हे त्याला एवढ्या गोंगाटातही कळतं. इथलं कोरं कापड राजस्थानात पाली-बालोत्र्याला जातं, तिथं त्याला रंग चढतो. तुमच्या उशीच्या अभ्र्याचा धागा कदाचित आमच्या गावात विणलेला असेल!

तिसरी सूचना. माग बघायचे असतील तर शुक्रवारी येऊ नका. शुक्रवारी कारखान्यांना सुट्टी असते. माणसं बघायची असतील तर मात्र शुक्रवारीच या! नवे कपडे, नमाज, बाजार, चहाची हॉटेलं आणि सिनेमा.

सिनेमावरून आठवलं. मालेगाव सिनेमा नुसता बघत नाही, तर तयारही करतं! व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी २००० साली मित्रांना जमवून 'मालेगाव के शोले' काढला. घोड्यांना पैसे कुठले? मग डाकू आले सायकलींवरून! पुढे त्यांनी मालेगावचा सुपरमॅन बनवला. सुपरमॅन झालेला शफिक शेख हा यंत्रमागावर काम करणारा कामगार होता. या मंडळींच्या धडपडीवर २००८ साली माहितीपट निघाला आणि २०२५ मध्ये 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' हा मोठा हिंदी चित्रपटही आला.

गल्लीतला वाटाड्या

आता एक कबुली देते. इथं आल्यावर पहिले कित्येक महिने मी मोसम पूल ओलांडलाच नव्हता. कॅम्पात खोली, खोलीजवळ शाळा, शाळेतून परत खोलीवर. घरून आजीचा एकच धोशा, "तिकडं जाऊ नको गं, जपून राहा."

आजीचं अगदीच चुकत नव्हतं. २००१ साली मालेगावात दंगल झाली. २००६ आणि २००८ मध्ये बॉम्बस्फोट झाले. निरपराध माणसं गेली, त्यांत मुलंही होती. वर्तमानपत्रांत गावाचं नाव आलं ते असं. आणि एकदा आलेलं नाव लोकांच्या मनातून लवकर जात नाही.

मग आली फेब्रुवारी २०११ ची जनगणना. आम्हां शिक्षकांना घरोघर जायचं होतं, आणि मला मिळालेल्या गल्ल्या नेमक्या पुलापलीकडच्या! पहिल्या दिवशी मी फाईल छातीशी धरून भराभर चालत होते. एका दारावर थाप मारली, पण मागांच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार? पुन्हा मारली. तेवढ्यात दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा आला आणि म्हणाला, "मॅडम, ऐसे नहीं. कडी बजाओ, कडी!" त्यानंच कडी वाजवली आणि मी कोण, कशाला आले, तेही आत ओरडून सांगितलं.

तेव्हापासून तो माझा वाटाड्या झाला. शाळा सुटली की हजर! कुठल्या जिन्यावर तीन घरं आहेत, कुठली दादी कानानं अधू आहे, कोण रात्रपाळी करून झोपलंय, सगळं त्याला पाठ. घरोघरी लोक चहा पुढे करत. मी नको म्हणाले की एक खाला म्हणायच्या, "हमको गिनने आई हो, चाय तो पीनी पडेगी."

एका दुपारी वीज गेली. शेकडो माग एकदम थांबले. इतकी शांतता, की मला माझ्या पेनाचा आवाज ऐकू येऊ लागला. त्या शांततेत त्या मुलानं विचारलं, "मॅडम, आप कहाँ रहते?"

"कॅम्पात."

"मैंने कॅम्प नहीं देखा," तो म्हणाला. "अम्मी नहीं भेजती. बोलती है, संभल के रहना. उधर के लोग कैसे हैं?"

मुलांनो, मी गप्पच झाले. माझी आजी आणि त्याची अम्मी एकमेकींना कधी भेटल्या नव्हत्या, पण वाक्य मात्र दोघींचं एकच होतं!

पुढच्या शुक्रवारी त्याचे अब्बा त्याला सायकलवर बसवून आमच्या शाळेजवळ घेऊन आले. मी त्याला शाळा दाखवली, मैदान दाखवलं, कोपऱ्यावरचा वडापाव खाऊ घातला. त्यानं इकडे तिकडे पाहिलं आणि जरा निराश होऊन म्हणाला, "इधर भी तो सब वैसाच है!"

त्या जनगणनेत मालेगाव शहराची लोकसंख्या भरली ४ लाख ८१ हजार २२८. हा आकडा पुस्तकात दिसला की मला आकडा दिसत नाही, ती गल्ली दिसते. त्यातली थोडी माणसं मी स्वतः मोजली आहेत. आणि एकानं मला वाट दाखवली आहे.

म्हणून चौथी आणि सगळ्यांत महत्त्वाची सूचना. कुठल्याही काठावर उतरलात तरी पूल ओलांडा. मोठ्यांना बरोबर घ्या, दिवसाउजेडी जा, फोटो काढण्याआधी विचारा. नमाज किंवा आरती चालू असेल तर बाजूला थांबा. दादा, मावशी, चाचा, खाला, जिथं जे चालतं ते तोंड भरून म्हणा. वाट आपोआप सापडते.

किल्ल्यात भरते शाळा

मोसमकाठचा भुईकोट किल्ला चुकवू नका. नारोशंकर राजेबहाद्दर यांनी १७४० च्या सुमारास तो बांधायला घेतला. नाशिकच्या पंचवटीतली नारोशंकराची घंटा ऐकून माहीत असेल, तेच हे नारोशंकर. १८१८ साली इंग्रजांनी या किल्ल्याला वेढा घातला, तेव्हा आतल्या अरब सैनिकांनी सुमारे महिनाभर त्यांना दाद दिली नाही. आतलं दारूकोठार उडालं, तटाला भगदाड पडलं, तेव्हा कुठं किल्ला पडला.

आज तिथं तोफा नाहीत, घंटा वाजते! किल्ल्याच्या आत काकाणी विद्यालय आहे. तटाच्या आत बसून इतिहासाचा तास, आहे की नाही मजा? पण शाळा चालू असताना एकदम आत शिरू नका. कचेरीत विचारा, नाही तर गणिताच्या पेपरात व्यत्यय आणल्याबद्दल मुलं तुमचे आभार मानतील!

आणखी एक दिवस हाताशी असेल तर

चार-पाच किलोमीटरवर गिरणेकाठी चंदनपुरी आहे, खंडोबाच्या बाणाईचं गाव. बाणाईसाठी खंडोबानं इथं मेंढ्या राखल्या, अशी कथा आहे. पौष पौर्णिमेला यात्रा भरते आणि सगळीकडे भंडारा उधळून गाव पिवळंधमक होतं. धुळ्याच्या वाटेवर झोडग्याला माणकेश्वराचं जुनं कोरीव देऊळ आहे. डोंगर चढायचा असेल तर गाळण्याचा किल्ला आहे. वाटेत डाळिंबाच्या बागा आणि कांद्याची शेतं दिसतील. या मुलखाला कसमादे म्हणतात. का, ते ओळखा बरं! कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा. प्रत्येकाचं पहिलं अक्षर घ्या, झालं!

खायचं काय? खानदेशी शेवभाजी आणि भाकरी, हिवाळ्यात वांग्याचं भरीत, कुठं मिळाले तर खापरावरचे मांडे. रमजानच्या महिन्यात आलात तर संध्याकाळचा बाजार बघा, आणि ईदला कुणी बोलावलं तर शिरखुर्मा नाकारू नका. एप्रिल-मेमध्ये मात्र येणं टाळा. पारा चाळिशीच्या वर जातो आणि डांबर चपलेला चिकटतं. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला.

तर मग, कधी येताय? आणि हो, परत गेल्यावर कुणी विचारलं, "मालेगाव? तिथले लोक कसे आहेत?" तर माझ्या त्या छोट्या वाटाड्याचं उत्तर द्या. "इथंही सगळं तसंच आहे!"

तुमची,
मालेगावच्या बाई