दूधभावासाठी एक चिन्ह

आमच्या खानदानाचा शजरा, म्हणजे वंशावळ, मी संगणकावर काढायला घेतला. माणसं नांदगावहून मनमाड, मालेगाव, चाळीसगाव, कुर्ल्याला पांगली आणि कोण कोणाचं कोण, हे दादीशिवाय सांगणारं कुणी उरलं नाही. त्यासाठी ‘ड्रॉ डॉट आयओ’ हे आकृत्या काढायचं मोफत सॉफ्टवेअर वापरलं.

डॉक्टर लोक वंशावळ काढतात तिची चिन्हं ठरलेली आहेत. पुरुष चौकोन, बाई वर्तुळ, लग्नाची आडवी रेघ, वारलेल्यावर तिरपी रेघ. नात्यातलं लग्न असेल तर दुहेरी रेघ. आमच्यात चुलत-मामे भावंडांचे निकाह होतात, म्हणून ती बऱ्याच जागी आली. पण दुधाच्या नात्याला चिन्हच सापडलं नाही.

आपल्याकडे हे नातं किरकोळ नाही. सूरह निसाच्या 23 व्या आयतीत दूधआई आणि दूधबहिणीशी निकाह मना आहे. हनफी मताने तान्हेपणी एकदा दूध पोटात गेलं तरी नातं जुळतं. कोकणातले शाफई पाच वेळा पाजलेलं धरतात. आम्ही हनफी.

फुफी बाळंतपणानंतर आजारी होती तेव्हा चाचीने तिच्या मुलाला काही दिवस पाजलं होतं. आता चाचीच्या मुलीसाठी फुफीच्या धाकट्या मुलाचा रिश्ता आला आणि कुणीतरी म्हणालं, ‘त्या घरच्या मुलाने चाचीचं दूध प्यायलंय, हे जमणार नाही.’ दादीने एका वाक्यात सांगितलं : प्यायला तो थोरला.

दूध पिणारं मूल पाजणारीच्या सगळ्या मुलांचं भावंड होतं; त्याची स्वतःची सख्खी भावंडं होत नाहीत. थोरल्याला मनाई, धाकट्याला नाही. हेच कागदावर दिसायला हवं होतं.

सॉफ्टवेअरमध्ये अरेंज, इन्सर्ट, शेप असं गेलं की आकाराचा मजकूर उघडतो. तो बदलून मी थेंबाचा आकार केला. थेंब काढणं सोपं होतं, त्याला रेघ कुठे चिकटेल हे ठरवणं महत्त्वाचं. जोडबिंदू दोनच ठेवले. वरचा बिंदू चाचा-चाचीच्या लग्नाच्या रेघेला जोडला, कारण पाजणारीचा नवराही दूधबाप होतो. खालचा फक्त थोरल्याच्या चौकोनाला. रेघ फुफीच्या घराला लागली असती, तर धाकट्याचा जायज रिश्ता चित्रानेच मोडला असता. थेंब काढलाच नसता, तर पुढे कधीतरी मना असलेला निकाह होऊन गेला असता.

चुलत-मामे नात्याबद्दल डॉक्टरांना विचारायचं असेल तर दुहेरी रेघ आहे. काझींना विचारायचं असेल तर थेंब आहे. होकार-नकार मुलगा-मुलीचा.

आता दादीजवळ बसून जुने थेंब भरतो आहे. प्रत्येकाशेजारी कोणी सांगितलं आणि कोणत्या वर्षी, हेही लिहितो. तुमच्या घरातही अशी आठवण एखाद्याच म्हातारीपाशी असेल. विचारून घ्या.