कार्बन कॉपी

खातेदाराची शिल्लक शेजाऱ्याला सांगितली, तर आमच्या बँकेत नोकरी जाते. त्याच समजुतीनं मी मोहल्ल्यातल्या भाऊविरुद्ध तक्रार द्यायला ठाण्यात गेलो. हवालदारसाहेबांनी आधी कागद आणायला लावला, मग कार्बन, मग चहा. घरी पोचतो तर भाऊ आमच्याच ओट्यावर! म्हणाला, "काऊन जी साहेब, माह्या नावाची वेलांटी चुकवली तुम्ही!" कार्बनची प्रत कोणासाठी होती, ते तेव्हा कळलं.

हसा खुशाल. पण आमच्या नागपुरातच कस्तुरबा नगरच्या बाया अक्कू यादवच्या अत्याचारांनी वर्षानुवर्षे पिचल्या. त्यांचं म्हणणं असं, की तक्रार केली की पोलिसांकडूनच त्याला पत्ता लागायचा. शेवटी १३ ऑगस्ट २००४ रोजी, भर जिल्हा न्यायालयात बायांच्या जमावानं त्याला ठार केलं. खटला दहा वर्षं चालला आणि २०१४ साली उरलेले आरोपी पुराव्याअभावी सुटले.

त्या बायांचं धैर्य आपल्यात कुठून येणार? (सौ.मध्ये आहे, पण ते घरापुरतं.) मी तक्रार मागे घेतली. भाऊचं खातं आमच्याच शाखेत आहे. त्याची शिल्लक मी अजून कोणाला सांगितलेली नाही.