कचेरीपासून ४०० यार्डांवर

इटारसीहून जबलपुराकडे जाणाऱ्या लोहमार्गावर नरसिंहपुर लागतें. वाचकांपैकीं पुष्कळांनीं काशीयात्रेच्या वेळीं हें नांव गाडीच्या खिडकींतूनच वाचलें असेल. मी गेल्या माघांत मुद्दाम उतरलों, नृसिंहाचें दर्शन घेतलें आणि सिंगरी नदी ओलांडून कंदेलींत शिरलों. कंदेली आतां शहराचाच भाग आहे. रस्त्यावर गर्दी होती, आणि दुकानांत या जिल्ह्याचा प्रसिद्ध गूळ होता.

१८१८ पर्यंत हा मुलूख नागपुरकर भोसल्यांचा होता. पुढें १८२२ ते १८२४ या काळांत विल्यम स्लीमन हा इंग्रज अंमलदार येथील कारभार पाहत असे. आपल्या जिल्ह्यांत साधी चोरीहि आपल्या नकळत होत नाहीं, अशी त्याची खात्री होती. नंतर त्यानेंच लिहून ठेविलें कीं, आपल्या कचेरीपासून ४०० यार्डांच्या आंत, याच कंदेलींत, धंदेवाईक मारेकऱ्यांची टोळी राहत होती. आणि सागर-भोपाळच्या वाटेवर, एका मुक्कामाच्या अंतरावरील विस्तीर्ण रायांत, हिंदुस्थानांतल्या व दक्षिणेंतल्या ठगांच्या टोळ्या दरसाल जमत. ज्यांच्या पूर्वजांनीं त्या राया लावल्या, त्या दोघां जमीनदारांना हें ठाऊक होतें. पांथस्थांसाठीं झाडें लावण्याला आपण पूर्तधर्म म्हणतों!

तेवढें अंतर मीं चालून पाहिलें. माझ्या सावकाश चालीनेंहि पांच मिनिटें पुरलीं. मग कचेरीला कळलें कसें नाहीं?

'ठग' हा शब्दच संस्कृत 'स्थग्' म्हणजे झांकणें, या धातूकडे नेतो. टोळींतला गोडबोल्या 'सोठा' वाटसरूंशीं ओळख करी. चोरांच्या भयानें सोबत हवीच असे. चार मुक्काम एकत्र होत. मग सारे विसाव्यास बसले असतां तमाखू मागण्यासारखी साधी खूण होई, आणि पाठीमागून रुमाल गळ्याभोंवतीं पडे. दुसरा हात धरून ठेवी. खड्डे पुष्कळदां आधींच खणलेले असत. काम उरकल्यावर गूळ वांटून खाण्याचा विधि होता. प्रेत सांपडत नसे, आणि घरचीं माणसें शेंकडों कोसांवर वाट पाहत असत. फिर्याद आणणार कोण?

त्यांचा प्रसिद्ध पुढारी फिरंगिया जातीनें ब्राह्मण होता, हें लिहितांना लेखणी अडते. आपल्यासारखाच संध्या करणारा सोबती भेटला, तर त्या काळीं कोणी संशय घेतला असता?

अयोध्या प्रांतांतल्या बेहरामाच्या नांवावर ९३१ खून सर्रास सांगतात. त्याच्या जबानींत मात्र स्वहस्तें केलेले सुमारें १२५ आहेत. बाकीचे त्याच्या टोळ्यांचे. अशाच माफीच्या साक्षीदारांच्या बोलण्यावर शेंकडों माणसें फांसावर गेलीं, आणि १८३६ च्या कायद्यानें तर टोळींत असणें एवढ्याच गुन्ह्यास जन्मठेप ठरली. त्यांत निरपराधी किती होते, असें इतिहासकार विचारतात. मला तो प्रश्न रास्त वाटतो.

आमच्या वंशावळींत एका नांवापुढें 'काशीस गेले' एवढेंच लिहिलें आहे. बारा वर्षें वाट पाहून, पळसाच्या पानांचा पुतळा करून त्यांचें दहन केलें, असें आजोबा सांगत. तिथि ठाऊक नसल्यानें त्यांचें पान सर्वपित्री अमावास्येस वाढतात. ते याच वाटेनें गेले कीं दुसऱ्या, त्यांना ठगांनीं मारलें कीं पटकीनें, हें घरांत कोणालाच कधीं कळलें नाहीं.

परतीच्या गाडीस अवकाश होता. सिंगरीच्या कांठीं उतरून मीं त्यांच्या नांवगोत्रानें तीन ओंजळी पाणी सोडलें आणि स्टेशनाची वाट धरली.