दोन सुतांची फट

दोंडाईच्यात उघड्यावर लाकडाचा डेक बांधायचा, हे ऐकून गल्लीतल्या प्रत्येकाने जिभाऊंना वेड्यात काढलं. मे महिन्यात इथे पारा 43-44 च्या घरात जातो आणि हवेतला ओलावा पार निघून जातो. जुलैत झड लागली की त्याच हवेत दारं फुगतात, कड्या बसेनाशा होतात. अशा गावात गच्चीवर फरशी घालतात, फार तर चायना मोझॅक. लाकूड कोण घालतं?

जिभाऊंकडे मात्र लाकूड आधीच होतं. त्यांचं गावठाणातलं जुनं धाब्याचं घर उतरवलं तेव्हा खाली सागाचा ढीग लागला. भिंतीपासून तुळईपर्यंत गेलेल्या कड्या, कड्यांवर पाट, पाटांवर पालापाचोळा आणि त्यावर मातीचा जाड थर, अशी खानदेशातल्या धाब्याची रचना. पाटांना खिळे फार थोडे होते, कारण वरच्या मातीच्या वजनानेच ते जागच्या जागी बसलेले. जुनं सागवान घेणारे व्यापारी दारात आले, घनफुटाचा भाव बोलले आणि चहा पिऊन परत गेले. जिभाऊंनी ठरवलं होतं की आजोबांच्या डोक्यावर होतं ते आता नातवंडांच्या पायाखाली येईल. नव्या घराच्या पहिल्या मजल्यावर 12 बाय 14 फुटांची मोकळी गच्ची होती. मी त्यांचा चुलतभाऊ. या कामावर बिगारीही मीच आणि हिशेबाची वहीही माझ्याकडेच.

मिस्त्री शिंदखेड्याकडच्या एका खेड्यातले. वडील बाभळीच्या बैलगाड्या आणि चौकटी करायचे. हे स्वतः खानदेशातल्या कितीतरी पोरांसारखे सुरतेला गेले, तिथे फर्निचरच्या कामात बरीच वर्षं काढली आणि बंगल्यांच्या बागांमध्ये डेक बसवायला शिकले. वरून एकही खिळा दिसत नाही असा डेक त्यांनी जिभाऊंना मोबाइलवर दाखवला आणि जिभाऊ तिथेच अडकले. जिभाऊंना भुरळ पडली ती दिसण्याची. मिस्त्रींचं कारण वेगळं होतं, ते मला पुढे कळलं.

लाकूड कापून वाळवलं तरी ते हलायचं थांबत नाही. हवेत ओलावा वाढला की फळी रुंदीला फुगते, कमी झाला की आकसते. लांबीत मात्र फरक जवळजवळ पडतच नाही. साग त्यातल्या त्यात शहाणा. ओल्या अवस्थेतून पूर्ण सुकेपर्यंत तो खोडाच्या त्रिज्येच्या दिशेने साधारण 2.5 टक्के आणि वर्तुळांच्या दिशेने 5.8 टक्के आकसतो, असं लाकूडशास्त्राची कोष्टकं सांगतात. आता आमच्या गच्चीचा हिशेब. फळीतला ओलावा उन्हाळ्यात 8 टक्क्यांवर उतरतो आणि पावसाळ्यात 16 वर चढतो असं धरलं, तर पाच इंच रुंदीची फळी जवळपास 2 मिलिमीटरने वाढते. एका फळीचं काहीच वाटत नाही. पण 12 फुटांत अशा 27 फळ्या बसतात, म्हणजे सगळी वाढ एकत्र केली तर दोन इंच. फळ्या एकमेकींना खेटून बसवल्या तर हे दोन इंच जाणार कुठे? एक तर फळ्या मध्ये उचलल्या जातील, नाही तर कडेची कठड्याची भिंत ढकलली जाईल.

प्रत्येक फळीच्या दोन्ही कडांना वरून खिळे ठोकले, तर फळी दोन्हीकडून जखडली जाते. तिला आकसायला जागा उरत नाही, मग ती मध्ये तडकते किंवा खिळाच हळूहळू वर ओढून काढते. लपवलेल्या क्लिपचं काम इथे सुरू होतं. फळीच्या दोन्ही कडांना लांबच्या लांब खोबण पाडायची. खोबणीत स्टीलच्या क्लिपची जीभ सरकवायची आणि क्लिपचा स्क्रू खालच्या कडीत पिळायचा. त्याच क्लिपच्या दुसऱ्या जिभेवर पुढची फळी येऊन बसते. क्लिप फळीला वर उठू देत नाही, पण आडवी हलू देते. शिवाय क्लिपच्या जाडीमुळे दोन फळ्यांमध्ये आपोआप सारखी फट राहते. आमच्या क्लिपची फट दोन सूत होती, म्हणजे पाव इंच. काम मे महिन्यात, फळ्या अगदी आकसलेल्या असताना चाललं होतं, म्हणून मिस्त्रींना याहून कमी फट नकोच होती.

दुसरेही मार्ग आहेत. फळीला खालून पट्टी लावून स्क्रू मारता येतो, पण त्यासाठी डेकखाली माणूस शिरला पाहिजे. आमच्या कड्या स्लॅबपासून जेमतेम चार इंच वर होत्या, तिथे मांजरही अंग चोरून जाईल. दुसरा मार्ग जहाजवाल्यांचा. फळीला वरून खोल भोक पाडायचं, त्यात स्क्रू किंवा बोल्ट बसवायचा आणि वर त्याच लाकडाचं बूच ठोकून ते तासून सपाट करायचं. सागाच्या डेकचा हा कारभार आपल्याकडे जुना आहे. लवजी नसरवानजी वाडिया 1736 मध्ये सुरतेहून मुंबईला आले आणि त्यांच्या घराण्याने मुंबईच्या गोदीत पिढ्यान्पिढ्या सागाची जहाजं बांधली. त्यांपैकी 1817 मध्ये पाण्यात उतरलेलं ‘त्रिंकोमाली’ इंग्लंडमध्ये हार्टलपूलला अजून तरंगतं आहे. ओकच्या लाकडात लोखंड लवकर गंजतं, सागात तितकं नाही, म्हणूनही आरमारांना साग प्रिय. ब्रिटिशांची पहिली लोखंडी चिलखताची युद्धनौका ‘वॉरियर’ 1860 मध्ये पाण्यात उतरली तेव्हा तिच्या साडेचार इंची लोखंडी पत्र्यामागे 18 इंच साग होता. मी हे सांगितलं तेव्हा मिस्त्री रंधा न थांबवता म्हणाले, “मंग आपलं धाबं बी जहाजच व्हतं म्हना.”

खरं खर्चाचं आणि वेळाचं काम फळ्या बसवण्याआधीचं होतं. जुन्या पाटांची खालची बाजू चुलीच्या धुराने काळी ठिक्कर, वरची मातीने खाल्लेली. कुठे पांढरा कच्चा भाग वाळवीने पोखरलेला, गाभा मात्र शाबूत. सागाच्या गाभ्यातल्या तेलकट द्रव्यांना वाळवी तोंड लावत नाही, बाहेरच्या कच्च्या लाकडाला ते संरक्षण नसतं. त्यामुळे प्रत्येक पाटाच्या कडा कापून टाकाव्या लागल्या आणि नऊ-दहा इंची पाटातून बऱ्याचदा एकच पाच इंची फळी निघाली. जिभाऊंचा चेहरा तेव्हा पाहण्यासारखा होता.

त्यात जुने खिळे. काही पाटांना कुणी तरी कंदील टांगायला, पाळणा बांधायला ठोकलेले आणि मग तुटून आत राहिलेले. खोबण पाडायच्या राउटर यंत्राचं पातं अशा खिळ्यावर गेलं तर पात्याचे पैसे गेले. मिस्त्रींनी बिघडलेल्या स्पीकरचं लोहचुंबक दोरीला बांधलं होतं. ते प्रत्येक फळीवरून फिरवायचं, चिकटलं तिथे खडूने फुली करायची. याच लोहचुंबकाने ते स्क्रूही तपासत. 304 नंबरच्या स्टेनलेस स्टीलला चुंबक जेमतेम ओढतं, साध्या स्टीलला टपकन चिकटतं. बाजारातले स्वस्त काळे स्क्रू त्यांनी हातातच घेतले नाहीत. ते कडक लाकडात मान मोडतात आणि दोन पावसाळ्यांत गंजतात. फळी चांगली आणि आतला स्क्रू गंजका असेल, तर लपवलेली गोष्ट बदलायची कशी?

कड्यांमध्ये एक अंजनाची निघाली. खानदेशातल्या रखरखीत डोंगरांवर वाढणारं हे झाड, त्याचं लाकूड पाण्यात टाकलं तर बुडतं. त्यात ड्रिलचं टोक अक्षरशः धूर काढायला लागलं. मिस्त्रींनी ती कडी बाजूला ठेवली आणि जिन्याच्या पहिल्या पायरीला वापरली.

स्लॅबला एकही भोक पाडायचं नाही, ही जिभाऊंची अट होती, आणि ती योग्य होती. वॉटरप्रूफिंग फोडून केलेला डेक खालच्या खोलीत गळती लावतो. म्हणून कड्या नुसत्या ठेवल्या, कडाप्प्याच्या तुकड्यांवर, मध्ये रबराचा तुकडा घालून. गच्चीला पाणी जायला उतार होता. कड्या त्या उताराच्या दिशेने लांब ठेवल्या, आडव्या ठेवल्या असत्या तर प्रत्येक कडीमागे पाणी साचलं असतं. दोन कड्यांमधलं अंतर 16 इंच.

पहिली फळी सगळ्यात महत्त्वाची, कारण ती तिरकी गेली की उरलेल्या 26 तिच्या मागे तिरक्या जातात. मिस्त्रींनी दोरी ताणली, तीन-चार-पाच फुटांचा त्रिकोण मोजून काटकोन धरला आणि मगच त्या फळीची बाहेरची कड स्क्रू मारून, वर बुचं ठोकून पक्की केली. खोबण मधोमध पाडायची नाही, किंचित खाली, म्हणजे वर जास्त लाकूड राहतं आणि पुढे कधी घासून काढायची वेळ आली तरी जीभ उघडी पडत नाही. प्रत्येक फळीला मधल्या कडीवर, खोबणीतून तिरका असा एकच स्क्रू मारला, नाही तर ती वर्षानुवर्षं लांबीच्या दिशेने सरकत राहते. वाकड्या फळ्यांना मी पहारीने रेटून धरायचो आणि मिस्त्री क्लिप आवळायचे. शेजारच्या म्हाताऱ्या मायनी कठड्यावरून पाहिलं आणि विचारलं, “खिया कोठे शेतस रे भाऊ? वारा सुटना ते उडी जाई हाई.” मिस्त्री म्हणाले, “माय, खिया पोटमा शेतस.”

शेवटच्या फळीपाशी सगळी हुशारी संपते. तिच्या पलीकडे भिंत, क्लिपचा स्क्रू पिळायला हात जात नाही. तिथे पुन्हा जहाजवाल्यांचीच रीत, वरून भोक, स्क्रू, बूच. बुचं त्याच फळीच्या तुकड्यातून काढलेली आणि रेषा फळीच्या रेषांना जुळवून बसवलेली. पटाशीने तासल्यावर ती शोधायला बोट फिरवावं लागतं. मिस्त्रींनी मध्येही एक फळी अशीच बुचाची ठेवली, पाण्याच्या जाळीच्या बरोबर वर. क्लिपच्या डेकमधली मधली फळी काढायची तर एका टोकापासून सगळ्या काढत यावं लागतं, आणि खाली चार इंचांत पानं, धूळ, क्वचित विंचूही जमणारच. ती एक फळी उचलली की झाडणी आत जाते. अख्ख्या कामातला हा मला सर्वांत हुशार निर्णय वाटला, आणि सुरतेत कुणी तो शिकवला नव्हता.

पावसाळ्यात दोन सुतांची फट दीड सुतावर आली. मिस्त्रींनी ऑगस्टमध्ये येऊन खिशातली पट्टी लावून पाहिली आणि काही न बोलता चहा मागितला. घरातल्या बायकांची तक्रार मात्र कायम आहे. बिबडे आणि मिरच्या वाळत घालायला ही जागा कुचकामी, बारीक मिरची फटीतून खाली जाते. दोंडाईच्यासारख्या मिरचीच्या गावात ही तक्रार हलकी नाही. आता तिथे खाट टाकतात आणि खाटेवर बिबडे.

मजुरी नेहमीच्या फरशीच्या कामापेक्षा बरीच जास्त पडली, लाकूड घरचं असून. शहाद्याहून एक जण डेक बघायला आले, त्यांना हाच हवा होता पण लाकूड-प्लास्टिकच्या तयार पट्ट्यांमध्ये, त्या खोबणी पाडूनच येतात म्हणून. मिस्त्रींनी त्यांना सांगितलं की त्या पट्ट्या उन्हात लांबीलाही वाढतात, टोकांना जागा सोडावी लागेल, आणि मेमध्ये दुपारी अनवाणी पाय ठेवून बघा. ते विचार करतो म्हणाले. मिस्त्रींनी उरलेल्या क्लिपा डब्यात भरल्या आणि डब्यावर खडूने ‘शहादा’ लिहून ठेवलं.